डोंगराआधीची मेहनत

वाचकहो, डोंगर चढायचा तर पायांत बळ हवे, हे सांगायला कोणी पंडित नको. पण ते बळ कमवायचे केव्हा? पायथ्याशी उभे राहिल्यावर कमवू म्हटले तर जमते का? नाही जमत. तो तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच प्रकार. माणदेशातल्या माणसाला विहिरीचा दृष्टान्त वेगळा समजावून द्यावा लागत नाही. म्हणून आज म्हसवडच्या माणगंगेकाठी उभे राहून, उत्तरेच्या शंभू महादेवाच्या डोंगराकडे पाहत, या जुन्या विद्येचा थोडा मागोवा घेऊ या.

आपल्याकडे डोंगरात उतरण्याचा मोसम दसऱ्याला उघडे. मग ती मोहीम असो की शिकार. पावसाळ्यात नद्यानाले भरलेले, वाटा निसरड्या, घोड्यांचे खूर चिखलात रुतायचे. शिवछत्रपतींच्या लष्कराची रीत सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पावसाळ्यात फौजेने छावणीस यायचे, दाणावैरण आणि औषधे आधी साठवून ठेवलेली असायची, आणि दसरा झाला की मुलुखगिरीस निघायचे. बरोबर बायका नाहीत, बटकी नाहीत, बडेजाव नाही. आता तुम्हीच विचार करा. चार महिने छावणीत बसलेला गडी आठ महिने डोंगरदऱ्या तुडवणार, तर ते चार महिने त्याने लोळून काढून कसे चालेल? तालमीची माती, जोर, बैठका, जोडी फिरवणे, मल्लखांब हा नुसता हौसेचा खेळ नव्हता. पुढच्या मोसमाची ती पेरणी होती.

शिकारीचेही तसेच. शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजा येतो. साताऱ्याचे शाहू महाराज १७०८ साली गादीवर बसले. त्यांना शिकारीचा मोठा नाद. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचवले असे सांगतात, आणि त्या इमानी जनावराची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. महाराज आठवले, कुत्रा आठवला, ठीकच झाले. पण रान उठवणारे हाकेकरी कोणाला आठवतात का? डबे-ढोल बडवीत, काट्याकुट्यांतून, कड्याकपारींतून चढत-उतरत जनावर पुढे काढायचे ते या गोरगरीब माणसांनी. डोंगराचा खरा भार त्यांच्या पायांवर. त्यांची तालीम म्हणजे त्यांचा रोजचा धंदा: गुरांमागे हिंडणे, मोळी वाहणे, पाण्याचा हंडा चढावरून घरी आणणे.

मात्र नुसत्या ताकदीने भागत नाही. याची साक्ष म्हसवडच्याच इतिहासात आहे. सेनापती संताजी घोरपडे म्हणजे चपळाईचा अवतार. १६९५ साली दोड्डेरीला त्यांनी कासिमखानाची फौज कोंडून हतबल केली, आणि १६९६ च्या आरंभी हिंमतखानाला रणात पाडले. असा हा वीर जून १६९७ मध्ये, आपल्याच माणसांशी बेबनाव होऊन एकटा पडला असता, याच शंभू महादेवाच्या डोंगरांत म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या हातून मारला गेला. बखरी आणि फारसी तवारिखा यांत तपशील निरनिराळे आहेत. पण थकूनभागून ओढ्यावर स्नान करीत असता त्यांना गाठले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. जो आयुष्यभर इतरांची पारध करीत आला, त्याचीच पारध झाली. वैर कोणाचे, दोष कोणाचा, हा वाद इतिहासकारांवर सोडू. आपल्यापुरता धडा एवढाच, की विसाव्यावाचून पोलादाचे शरीरही उघडे पडते.

आता थोडे अलीकडे येऊ. याच सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी १८९७ साली विलायती पहिलवान सँडो याची व्यायामाची साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे निष्ठेने वापरली. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. मग आपल्या संस्थानातल्या शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९५१ साली निवर्तेपर्यंत त्याचा प्रसार सोडला नाही. त्यांच्या पद्धतीतली मोठी सोय कोणती म्हणाल? साधन नको, पैसा नको, साडेतीन हात जागा पुरे. ज्याच्या घरी डंबेल्स यायची नाहीत, त्या हाकेकऱ्याच्या पोरालाही ती विद्या खुली झाली.

आजचे शरीरशास्त्र या जुन्या मेहनतीबद्दल काय सांगते तेही ऐका. चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला अंगाचा भार तोलावा लागतो, आणि सवय नसेल तर त्याला बारीक बारीक इजा होते. म्हणून दुखणे त्याच दिवशी कळत नाही, एकदोन दिवसांनी डोके वर काढते. तेच काम आधी थोडे थोडे करून घेतले तर पुढच्या वेळी त्रास कमी होतो. बैठक मारताना सावकाश खाली जाणे म्हणजे दुसरे काय हो? घरबसल्या उतरलेला डोंगरच तो!

तेव्हा मोसमाआधी दोन महिने लागा. प्रथम रोजची चाल, मग चढ, मग पाठीवर थोडे ओझे. ओझे आणि अंतर एकाच दिवशी वाढवू नका. आठवड्यातून एक दिवस विसावा घ्या. चाळिशी उलटली असेल, छातीत कळ येत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. त्यात कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, आता शिकार कुठली? खरेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय मिटला, आणि उरलेल्या लांडग्या-हरणांच्या दृष्टीने बरेच झाले. पण डोंगर जागच्या जागी आहे. चैत्रात शिखर शिंगणापूरला या. सासवडहून कित्येक दिवसांची वाट तुडवीत तेल्याभुत्याची कावड येते आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून माणसे हाताला हात देऊन ती वर नेतात. तिथे एकट्याचे बळ चालत नाही. एकाचा पाय घसरला तर दहांच्या जिवावर बेतते. म्हणून तिथे आपले शरीर तयार ठेवणे हे शेजाऱ्याचे देणे ठरते.

आणि याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. त्याआधी धावण्याच्या वैयक्तिक अंतिम फेरीत भारतीय स्त्री दिसली होती ती १९८४ साली, पी. टी. उषा. मधे बत्तीस वर्षे गेली! दुष्काळी म्हणून ज्या मुलखाला हिणवतात, तिथल्या खडकाळ वाटांवर वाढलेली ही मुलगी.

म्हणून सांगतो, वाचकहो, येत्या दसऱ्याला सोने लुटायला वेशीबाहेर जाल, तेव्हा वेशीवरूनच मागे फिरू नका. समोरच्या टेकडीवर चढून या. मात्र त्याची तयारी श्रावणातच सुरू करा.