दारू, दीक्षा आणि दवाखाना

मुळशीचा इतिहास सांगायचा म्हटला की प्रत्येक जण सत्याग्रहापासून सुरुवात करतो. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उठले, सेनापती बापटांनी त्यांचे पुढारपण केले, तीन वर्षांत तो लढा मोडला आणि गावे पाण्याखाली गेली. दुसरा अध्याय हिंजवडीचा. माण, मारुंजी, हिंजवडी या मुळशीतल्याच गावांच्या शेतांवर संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि जमिनीचा पैसा गावात आला. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने पडद्यावर दाखवले. या दोन्ही अध्यायांत जमीन असणाऱ्यांची कथा आहे. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता त्यांच्याकडे ना धरणाचा मोबदला आला, ना कंपनीचा. बौद्धवाडी आणि कातकरीवस्तीवर या दोन्ही वेळी आली ती मजुरी, आणि मजुरीच्या मागोमाग दारूचे दुकान. त्या दुकानाचा इतिहास कोणी लिहीत नाही. दारू हा आपल्या लोकांचा स्वभावदोष आहे, असे प्रस्थापित समाजाने ठरवून टाकले आहे आणि स्वभावाला इतिहास नसतो.

वस्तुतः या स्वभावाला कायद्याचे कलम आहे, साल आहे, आणि त्यात सरकारचा नफाही आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या मोडून दारू गाळण्याचा आणि विकण्याचा व्यवहार सरकारच्या मुठीत घेतला. मक्ते दिले जाऊ लागले. मक्तेदार रक्कम भरणार, म्हणजे गिऱ्हाईक वाढवणे त्याला भागच. दोनच वर्षांनी, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात दारूची दुकाने वाढवण्याला लेखी विरोध केला. हे पत्र आपल्या चळवळीत फारसे वाचले जात नाही. पिणाऱ्याला झोडपून मोकळे होणारे समाजसुधारक तेव्हाही पुष्कळ होते. जोतीरावांनी दुकानाला परवानगी देणाऱ्याला जाब विचारला, आणि मला महत्त्व वाटते ते याचे.

हाच धागा बाबासाहेबांनी पुढे नेला. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी एक साधा हिशेब मांडला. सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करते आणि त्याच माणसाकडून अबकारीच्या रूपाने २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. तेव्हा जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. या मागणीत पिणाऱ्याविषयी एकही तुच्छतेचा शब्द नाही. घेतलेल्या पैशाचे उत्तरदायित्व तेवढे मागितले आहे.

पुढे काँग्रेस सरकारने दारूबंदी आणली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची आजची पिढी टिंगल करते, पण त्यातली वर्गव्यवस्था तिने नीट पाहावी. या कायद्यात 'प्रकृतीसाठी' दारू पिण्याचा परवाना होता. डॉक्टरचा दाखला आणायचा, फी भरायची आणि विलायती बाटली घरी न्यायची. म्हणजे पैसेवाल्याचे पिणे आरोग्यखात्याचा विषय झाले आणि गरिबाचे पिणे पोलीसखात्याचा. हातभट्टीवर धाड पडली की दोरखंडाला बांधून न्यायचे ते कोणत्या वस्तीतले लोक होते, हे सांगायला हवे काय? १९५१ च्या जाहीरनाम्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने या दारूबंदीला स्पष्ट विरोध केला. सरकारचे उत्पन्न बुडते आणि घराघरात दारू गाळली जाते, असा त्यातला युक्तिवाद होता.

आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, बाबासाहेबांनी लाखोंना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती. दारूबंदीला विरोध करणारा नेता दारू सोडायची शपथ देतो, ही विसंगती आहे असे काही टीकाकार म्हणतात. मला तसे वाटत नाही. दारूबंदी पोलीस राबवतो, प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो. एकीत माणूस गुन्हेगार ठरतो, दुसरीत तो स्वतःचा धनी होतो. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी माणसांनी दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाही. आमच्यासारखी मुले शाळेच्या दारापर्यंत पोचली ती त्या वाचलेल्या पैशावर. वारकऱ्याने माळ घालून जे केले तेच आमच्या लोकांनी माळेशिवाय, संबंध समाजाने एकत्र केले. या घटनेची आरोग्याच्या इतिहासात नोंद नाही, ही इतिहास लिहिणाऱ्यांची चूक आहे.

परंतु प्रतिज्ञा ज्याच्या हातून मोडली त्याचे काय? या प्रश्नापाशी आपली चळवळ गप्प बसते. त्याला आपण विहाराच्या कमिटीवरून काढले, जयंतीच्या वर्गणीतून वगळले, भाषणात त्याला बाबासाहेबांचा द्रोही म्हटले. माझे एक चुलते वीटभट्टीवर होते. एका धम्मचक्र प्रवर्तन दिनी त्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा शपथ घेतली आणि त्याच दिवशी दारू पूर्ण बंद केली. दुसऱ्या रात्री त्यांना आकडी आली. मग घामाने अंथरूण भिजले, भिंतीवर माणसे दिसू लागली, ते बरळू लागले. चुलती म्हणाली, "भाऊजी, गाडी बघा, हे हातचे जातील." आम्ही दवाखाना गाठला. केसपेपरवर डॉक्टरांनी लालशाईने एकच शब्द लिहिला, दारुडा. दोन दिवस सलाईन लावून घरी पाठवले. 'सोडली म्हणूनच त्याला झाले' असे साऱ्या वस्तीने ठरवले आणि चुलते पुन्हा प्यायला लागले. चार वर्षांनी काविळीने गेले. त्यांची शपथ खोटी नव्हती, एवढे मी आज खात्रीने सांगू शकतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या शरीराची दारू एकाएकी तोडली तर हात थरथरतात, काहींना आकडी येते, भ्रम होतो आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतोही. ते ओसरेपर्यंत झोपेच्या वर्गातल्या गोळ्या मोजून द्याव्या लागतात, ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते. त्या मात्रा हळूहळू उतरवायच्या असतात. सौम्य त्रास असेल तर हे सारे बाह्यरुग्ण विभागात, रोज येऊन-जाऊन करता येते. पूर्वी आकडी आलेल्याला मात्र दाखलच करावे लागते. आम्हांला यातले काहीच ठाऊक नव्हते. शपथेला औषधाची जोड लागते हे आम्हांला कोणी सांगितले नाही आणि ते सांगणे आपले काम आहे असे त्या दवाखान्याला वाटले नाही.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. वस्त्यांत बायकांना 'न कळत भाजीत घालायची' पावडर विकली जाते. दारू पिताच शरीरात उलट परिणाम घडवणाऱ्या औषधाचा शोध १९४८ साली डेन्मार्कमध्ये लागला. पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. चोरून दिले आणि त्यावर माणूस प्याला, तर जिवावर बेतते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या बाईला दोष देणे सोपे आहे; पण तिला दुसरा कोणता दरवाजा उघडा ठेवला आहे?

पुण्यात एक दरवाजा उघडला तो १९८६ साली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक मदतीने, 'मुक्तांगण' सुरू केले. पुण्यातली पोरे तेव्हा गर्दच्या आहारी चालली होती, त्यावरच्या लेखनातून हे उभे राहिले. रुग्णाला 'मित्र' मानणे, बरा झालेल्यालाच पुढे कार्यकर्ता करणे, पत्नींसाठी 'सहचरी'चे गट चालवणे आणि बाहेर पडल्यावर गावोगावच्या पाठपुरावा बैठका, ही त्या कामाची घडण. त्याआधी १९५७ पासून मुंबईत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा चालू होत्या. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, पापी नाही, आजारी आहे, हा विचार मराठी घरांत पोचवण्याचे श्रेय या मंडळींना मनापासून द्यावे लागेल.

तरीही हिशेब शिल्लक राहतो. मुक्तांगणमध्ये पाच आठवडे राहावे लागते. कारकुनाला रजा मिळते. मुळशीतल्या कातकऱ्याने दिवाळीनंतर भट्टीमालकाची उचल घेतलेली असते, पावसाळा लागेपर्यंत तो आणि त्याची बायको मिळून ती फेडत असतात. त्याने पाच आठवडे कुठून आणायचे? रोजंदारीवर इमारतीचा माल वाहणाऱ्याला, गटार उपसताना वास मारण्यासाठीच पिणाऱ्या सफाई कामगाराला हे जमणारे नाही. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसलाही उपचार मिळतो आणि १८० मागे एकच दाखल होतो. उरलेले १७९ खाटेची वाट पाहत बसू शकत नाहीत. त्यांना चालत जाण्याच्या अंतरावर, मजुरी न बुडवता उपचार हवा.

हे स्वप्नरंजन नव्हे. गोव्यात 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला. २०१३ ते २०१५ या काळात घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांना त्यात घेतले. निम्म्यांना समुपदेशनाच्या एक ते चार बैठका मिळाल्या. त्या घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी शंभरातले ३६ जण घातक पिण्यातून बाहेर आले होते, इतरांत हे प्रमाण २६ होते. फरक दहाचाच, असे कोणी म्हणेल. दहा घरांतल्या बायकांना विचारा! मात्र पूर्ण अवलंबून झालेल्या माणसाला एवढ्यावर भागत नाही, त्याला औषधही लागते, हेही तितकेच खरे.

तेव्हा मागणी अशी करावी, की पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्याच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ताप-खोकल्याच्या रांगेतच दारू सोडणाऱ्याला केसपेपर मिळावा. गोळ्या तिथेच मिळाव्यात, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मिळाव्यात. समुपदेशक वस्तीतला असावा आणि त्याला पगार असावा, कारण सेवेच्या नावाखाली आपल्या पोरांना फुकट राबवण्याची सवय सरकारला जुनी आहे. आणि पैसा कुठून आणायचा याचे उत्तर १९२७ सालीच दिलेले आहे. ज्या तालुक्यातून उत्पादनशुल्क जाते, त्या तालुक्याच्या दवाखान्यात त्यातला वाटा परत यावा. बायकांनी मतदान करून बाटली आडवी करण्याची तरतूद या राज्यात आहे, तिचा उपयोग जरूर करावा. पण दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या रात्री ज्याला आकडी येईल, त्याला कुठे न्यायचे हे आधी ठरवून ठेवावे लागेल.

आपल्या विहारात आठवड्याला एक बैठक घ्यावी असे मी मांडले, तेव्हा एका कार्यकर्त्याने हरकत घेतली. त्याची हरकत मला पटली आहे. चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीत विहाराची पायरी चढलेला माणूस सगळ्यांना दिसतो आणि ज्याने तीनदा शपथ मोडली आहे तो चौथ्यांदा त्याच लोकांसमोर येणार नाही. म्हणून पहिले काही महिने बैठक दुसऱ्या गावी घ्यावी, कोणाचे नाव वहीत लिहू नये, आणि पंचशील म्हणायला लावू नये, असे आमचे ठरत आले आहे. पंचशीलाच्या मुद्द्यावर मात्र अजून वाद चालू आहे.