वखारीची पावती ते निफ्टीचं युनिट

ईटीएफचा विषय काढला की आमच्या तालुक्यात उत्तर ठरलेलं असतं, "ते मुंबईवाल्यांचं काम." मला हे पटत नाही. या प्रकाराचं मूळ आपल्या चांगल्या ओळखीच्या वस्तूत आहे, वखारीच्या पावतीत.

१९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. त्यानंतर तिथल्या बाजार नियामकाच्या अहवालात एक मुद्दा आला: बऱ्याच शेअरची मिळून एक टोपली एकाच सौद्यात घेता-विकता आली, तर असा धक्का सोसणं सोपं जाईल. अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजमधल्या नेथन मोस्ट यांनी तो धागा पकडला. ते पूर्वी तेलाच्या व्यापारात होते. माल गोदामातच राहतो, हात बदलते ती पावती, हे त्यांनी पाहिलेलं. आपला शेतकरी सोयाबीन वखारीत ठेवतो आणि पावतीवर कर्ज उचलतो, तसंच. शेअर एका जागी जमा, बाजारात फिरतं ते युनिट. कॅनडात १९९० मध्ये असा प्रयोग झाला होता. अमेरिकेत ५०० कंपन्यांच्या निर्देशांकावरचा ईटीएफ २९ जानेवारी १९९३ ला सुरू झाला.

भारतात बेंचमार्क म्युच्युअल फंडाने डिसेंबर २००१ मध्ये 'निफ्टी बीज' आणला. २००७ मध्ये सोन्याचा ईटीएफ आला.

साध्या म्युच्युअल फंडाचा भाव दिवसाअखेर एकदाच ठरतो. ईटीएफचा सौदा शेअरसारखा दिवसभर चालतो, डीमॅट खातं मात्र लागतं. खर्च सहसा कमी, कारण शेअर निवडायला कुणी हुशार मॅनेजर नसतो, निर्देशांकाची नक्कल असते. निर्देशांक पडला की हाही पडणार.

आता मुद्द्याचं. ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधी संघटना नव्या जमेतला काही हिस्सा ईटीएफमध्ये गुंतवते. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली, २०१७ मध्ये तो १५ टक्क्यांवर गेला. कामगार संघटनांनी विरोध केला होता. म्हणजे "आपण शेअर बाजाराच्या वाटेलाही जात नाही" असं सांगणाऱ्या एमआयडीसीतल्या कामगाराचा पीएफ कधीच तिथे पोचलाय. हे बरं की वाईट, यावर वाद होऊ द्या. पण ज्याचा घाम त्याला माहिती तरी हवी ना?

आणि स्वतः ईटीएफ घेणार असाल तर दोन गोष्टी बघा: त्यात रोज उलाढाल किती होते, आणि बाजारातला भाव आतल्या मालाच्या किमतीच्या जवळ आहे का. पावती घेण्याआधी वखारीतला माल बघायची सवय आपल्याला आहेच.