तेलाआधी पाणी

माथेरानच्या पावसाळ्यात लोखंडाची खैर नसते. ढग दारातून आत शिरतो, भिंतींना ओल चढते आणि कोयंड्यापासून कोयत्यापर्यंत सगळ्यावर तांबूस थर धरतो. अशा हवेत घरातल्या परवान्याच्या बंदुकीला तेल दिलेच पाहिजे, हे कुणीही सांगेल. पण ठासणीची बंदूक वापरणाऱ्यांचा जुना नियम वेगळा होता: बार काढला की आधी पाणी, मग तेल. गंज टाळायला लोखंडावर पाणी ओतायचे, हे ऐकायला उफराटे वाटते. त्याचे मूळ बंदुकीच्या दारूत आहे.

काळ्या दारूत साधारण पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ही दारू जळते तेव्हा तिचा सगळा धूर होऊन जात नाही. वजनाने तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप अवशेष म्हणून उरतो. त्यातला काही धुरासोबत बाहेर पडतो, उरलेला नळीत बसतो. वरवर ती काजळी दिसते, पण तिच्यात पोटॅशियमचे क्षार असतात. श्रावणात उघड्या राहिलेल्या मिठाला पाणी सुटावे, तसे हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि नळी आतून खातात. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात मात्र लगेच विरघळतात. म्हणून नुसते तेल फिरवले तर वरून नळी चकाकते आणि तेलाच्या पापुद्र्याखाली गंज चालूच राहतो.

ही धुलाई जवळून पाहण्यासारखी असते. नळीत गरम पाणी ओतले की पहिले पाणी शाईसारखे काळे निघते आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. तो गंधकाचा. गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून वरखाली केली की पाणी राखाडी होते, मग निवळते. बंदुकीच्या कानातून, म्हणजे बत्तीच्या छिद्रातून, धार सरळ बाहेर आली की वाट मोकळी झाली असे समजायचे. शेवटचे पाणी कढत हवे. त्याने नळी तापते आणि उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. मग कोरडी चिंधी आणि सर्वांत शेवटी तेलाची.

हे काम घरचे झाले तेही याच कारणाने. तलवारीला धार आणि झिलई द्यायला शिकलगार होता. त्याच्याकडे पाते वर्षातून एकदा गेले तरी चाले. बार काढलेली बंदूक मात्र शिकलगाराची वाट पाहत थांबत नाही. ओल्या हवेत रात्र उलटली तरी गंज धरतो. त्यामुळे ज्याने चाप ओढला त्यानेच त्या दिवशी पाणी तापवायचे, असा रिवाज पडला.

या मुलखाला बंदूक आणि दारू नवी नव्हती. कर्जतचा कोथळीगड संभाजी महाराजांच्या काळात शस्त्रागार म्हणून ओळखला जाई. खालापुरातल्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला गाठले ते २ फेब्रुवारी १६६१ रोजी, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागे. पावसात ती वात विझे, रंजक, म्हणजे कानावरची पेटवणीची दारू, भिजे आणि बंदुकीची काठी होई. म्हणून मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रे घासूनपुसून पुजली जात. चार महिन्यांचा गंज काढायला याहून नेमकी तिथी सापडली नसती. धर्माने दिलेला मुहूर्त आणि हवामानाने दिलेला मुहूर्त इथे एकच आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर वर्षाचीही वाट पाहिलेली नाही. दारूखान्यातली दारू आणि बाण हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा तिथे दंडक आहे.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकहून माथेरानचा डोंगर चढला, तोवर बंदुकीचा कान बदललेला होता. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले आणि पुढे त्यातून तांब्याची टोपी आली. वात गेली, गारगोटी गेली, पण नळीत दारू तीच होती. त्यामुळे पाण्याने धुणे सुटले नाही.

तेलाची बाजू अधिक वादाची निघाली. एनफील्ड रायफलीच्या काडतुसाला चरबी लावत ती गोळी सरकावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून. ती गाईची की डुकराची, यावरून १८५७ साली काय पेटले ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावण्याची मुभा दिली होती, पण संशय फिटायचा काळ उलटून गेला होता. पुढे ब्रह्मदेशच्या विहिरींतले खनिज तेल ‘रंगून ऑइल’ या नावाने बंदुकींसाठी विकले जाऊ लागले. त्यात ना गाय, ना डुक्कर. ते खवटही होत नाही. कोकणात हाताशी असते खोबरेल, पण ते चोविसेक अंशांखाली थिजते. आठशे मीटर उंचीवरच्या माथेरानच्या थंडीत खोबरेल घातलेला बंदुकीचा घोडा जड पडायचाच. शिवाय वनस्पती तेले हवेत चिकट होतात, धूळ धरतात. दस्त्याच्या लाकडाला मात्र जवसाचे तेलच मानवते.

१८७८च्या हत्यार कायद्याने बंदूक परवान्याखाली आली आणि सामान्य घरांतून ती हलली. माथेरानात जन्मलेल्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये सरकारशी झुंज दिली ती प्रामुख्याने विजेचे मनोरे पाडून. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. बंदुका होत्या त्या सरकारकडे, आणि बंदूक राखण्याची शिस्तही बराकीत गेली.

ती शिस्त थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या दस्त्यात अक्षरशः भरून ठेवलेली असे. दस्त्याच्या बुडाला छोटे झाकण, आत तेलाची पितळी कुपी आणि वजन लावलेली दोरी, म्हणजे पुलथ्रू. दोरीला तीन फासे: एक तारेच्या जाळीसाठी, एक चिंधीसाठी आणि एक, चिंधी नळीत अडकलीच तर उलटी ओढून काढण्यासाठी. चिंधी चार बाय दोन इंचांची. एनसीसीत गेलेल्यांना हे आजही पाठ असते.

या रायफलीत कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू. तिचा क्षार उरत नाही. मग पाणी जायला हवे होते. तरी ब्रिटिश लष्कर नळीत उकळते पाणी ओतायला खास पत्र्याचे नरसाळे पुरवत होते. दोष दारूचा नसून काडतुसाच्या बुडातल्या टोपीचा होता. तिच्यातला पोटॅशियम क्लोरेट जळला की पोटॅशियम क्लोराइड उरे, मिठाचा सख्खा भाऊ. अमेरिकेच्या खाण खात्यातले रसायनतज्ज्ञ विल्बर्ट हफ यांनी पहिल्या महायुद्धानंतर तेलाखालच्या या गंजाचा उलगडा केला. जुन्या लोकांना नियम माहीत होता, त्यामागचे कारण हफ यांनी दाखवले. लवकरच क्लोरेट नसलेल्या टोप्या बाजारात आल्या आणि बंदुकीच्या आंघोळीचे कारणच संपले.

आज परवान्याची बारा बोअर साफ करताना पाणी लागत नाही. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करायची, काडतुसे दुसऱ्या खोलीत. नळ्या सुट्या करून खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या, पितळी ब्रश फिरवायचा, चिंधी पांढरी निघेपर्यंत बदलायची. तेल शिलाई मशिनचे चालते, पण बोटाला लागेल न लागेल इतके. जादा तेल ओघळून दस्त्यात मुरते आणि लाकूड कुजवते, म्हणून जाणते लोक बंदूक काही वेळ तोंड खाली करून ठेवतात. पावसाळ्यात कातडी खोळीत मात्र कधीच नाही, कारण कातडे ओल धरून ठेवते.

नळीतला क्षार गेला, माथेरानची हवा मात्र तीच आहे. पूर्वी गंज बार काढल्यावर येई, आता तो बार न काढताच येतो. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक महिन्यांनी परत येते तेव्हा एकही गोळी न झाडता तिच्यावर ठिपके पडलेले असतात. त्यामुळे सफाईचा हिशेब गोळ्यांवरून नव्हे, दिवसांवरून ठेवावा लागतो. त्या हिशेबाला खंडेनवमी पुरी पडत नाही. पूजेला तिथी म्हणून ती ठीक आहे. जून ते सप्टेंबर मात्र आज्ञापत्रातल्या हवालदाराचे आठ-पंधरा दिवसच खरे.