चूक आणि चुकणारा

कारखान्यात, कचेरीत किंवा रेल्वेत काही बिघडले की पहिला प्रश्न निघतो तो 'कोण चुकले?' हा. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या उत्तरात बहुधा अपराधी सापडतो आणि चूक मात्र जागच्या जागी राहते. 'चुकीला वाव कोठे राहिला?' हा दुसरा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांनीच कामाचा दर्जा खऱ्या अर्थाने उंचावला. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

१० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडात नॉर्विच शहराजवळ थॉर्प येथे एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसे प्राणास मुकली. तेथे नियम नव्हते असे नाही. तारायंत्र होते; तारेच्या मजकुरावर अधिकाऱ्याची सही हवी, असा दंडकही होता. तरीही समोरची गाडी सोडण्याची तार सहीवाचूनच गेली आणि इकडची गाडीही सुटली. चूक ध्यानात येताच 'गाडी थांबवा' अशी दुसरी तार धाडली गेली. उत्तर आले ते गाडी निघून गेल्याचे. रात्रपाळीच्या निरीक्षकाला कारावास झाला. न्यायाचे काम तेथे संपले. पण तीच चूक उद्या दुसऱ्या स्थानकावर दुसऱ्याच्या हातून होऊ नये, म्हणून त्या शिक्षेने कोणता अडसर घातला?

तो अडसर घातला एडवर्ड टायर यांच्या यंत्राने. १८७८ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. लगतच्या दोन स्थानकांत दोन पेट्या आणि त्या विजेच्या तारेने एकमेकींशी जोडलेल्या. एका पेटीतून एक चकती बाहेर निघाली की, ती पुन्हा पेटीत पडेपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही पेटीतून दुसरी चकती निघतच नाही. आणि चकती हाती आल्याशिवाय चालकाने गाडी हाकायची नाही. आपल्या देशातील अनेक एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचे नील यांचे यंत्र वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यात चकतीऐवजी पोलादी गोळा असे. मोठ्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून तो गोळा इंजिनावर चढवला जाताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. स्टेशनमास्तरांच्या स्मरणावर सोपवलेली गोष्ट त्या गोळ्याने स्वतःच्या शिरावर घेतली होती.

रेल्वेत प्रश्न प्राणांचा होता. जपानात हाच विचार मालाच्या गुणवत्तेला लागू झाला. साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागात ताण्याचा एक जरी धागा तुटला, तरी माग आपोआप थांबे. सदोष कापड विणून मग ते बाजूला काढण्याऐवजी दोष विणला जाण्यापूर्वीच काम थांबे. शिवाय एकेका मागावर डोळे रोखून उभे राहण्याची गरज सरली आणि एक कामगार अनेक माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडातील प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्रनिर्मात्यांनी या मागाचे हक्क विकत घेतले.

पुढे शिगेओ शिंगो या अभियंत्याने या विचाराला शास्त्राचे रूप दिले. १९६१ मध्ये ते यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात गेले असता तेथे एका लहानशा विजेच्या बटणाची तक्रार होती. त्यात दोन स्प्रिंगा बसवायच्या. कामगार क्वचित एक विसरत. दर वेळी ताकीद दिली जाई, काही दिवस बरे जात आणि चूक पुन्हा डोके वर काढी. शिंगो यांनी ताकीद दिली नाही, एक बशी दिली. प्रथम दोन स्प्रिंगा बशीत काढून ठेवायच्या, मग एकेक बसवायची. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग उरली, तर विसर पडल्याचे तिथल्या तिथे कळे. खर्च एका बशीचा. पण तक्रार मिटली.

अशा युक्त्यांना आरंभी 'बाका-योके' म्हणत. 'बाका' म्हणजे मूर्ख. अर्थात मूर्खपणाला आळा घालणारी युक्ती. १९६३ च्या सुमारास आराकावा या मोटारींचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्यात डाव्या-उजव्या भागांची अदलाबदल टाळण्यासाठी अशी योजना बसवली, तेव्हा तिचे नाव ऐकून एक कामगार स्त्री रडू लागली. आपण इतक्या मूर्ख आहोत काय, हा तिचा सवाल होता. ही हकीकत शिंगो यांनीच नमूद केली आहे. त्यांनी नाव बदलून 'पोका-योके' केले. 'पोका' म्हणजे नजरचूक, जाणत्या खेळाडूच्याही हातून पटावर होते तशी. आम्हांला हा शब्दबदल यंत्राइतकाच मोलाचा वाटतो. बशी तीच राहिली. परंतु माणसाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. विसरणे हा मूर्खपणा नव्हे, तो मनुष्यधर्म आहे, हे कारखान्याने मान्य केले.

अर्थात या उपायाला मर्यादा आहेत. अज्ञानातून होणारी चूक शिक्षणानेच जाईल, आणि जाणूनबुजून केलेल्या कसुरीला बशी काय करणार? सोय म्हणून अडसरच काढून ठेवला, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. जबाबदारी नाहीशी होत नाही, ती वर सरकते: काम करणाऱ्याइतकीच ती कामाची मांडणी करणाऱ्यावर येते. दुसरा प्रश्न टाळला जातो तो बहुधा याच कारणाने. कारण त्याचे उत्तर वरिष्ठांच्या मेजापाशी येऊन थांबते. परंतु थॉर्पच्या शिक्षेने जे साधले नाही ते एका चकतीने साधले, आणि वारंवार दिलेल्या ताकिदीने जे साधले नाही ते एका बशीने साधले. इतिहासाची ही साक्ष ज्यांच्या हाती इतरांच्या कामाची मांडणी आहे, त्यांनी तरी विसरू नये.