कामगार कल्याण अधिकारी

मोठ्या कारखान्यातील कामगारांच्या हिताची देखरेख करण्यासाठी मालकाने कायद्यानुसार नेमावयाचा अधिकारी. त्याचे वेतन मालक देतो. मात्र त्याची पात्रता, कर्तव्ये व सेवाशर्ती शासकीय नियमांनी ठरतात. या दुहेरी नात्यातच या पदाचे वैशिष्ट्य आणि त्याची मुख्य अडचण सामावलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांची भरती जॉबरच्या हाती असे. कामावर घेणे वा काढून टाकणे व्यवहारात त्याच्याच मर्जीवर अवलंबून असल्याने नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी कामगाराला त्यास दस्तुरी द्यावी लागे. १९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमण्यात आला, ना. म. जोशी हे त्याचे एक सदस्य होते. जॉबरकडील भरतीचा अधिकार काढून तो व्यवस्थापकास थेट जबाबदार असणाऱ्या कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी शिफारस आयोगाने १९३१ च्या अहवालात केली. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात औद्योगिक तंट्यांच्या समेटासाठी कायदा झाला व त्यान्वये गिरणी कामगारांच्या हितरक्षणासाठी सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला. या कामासाठी लागणारे शिक्षण देणाऱ्या संस्थाही मुंबईतच उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये स्थापन झालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा (पुढील टाटा समाजविज्ञान संस्था) आणि १९४७ मध्ये सुरू झालेली मुंबई कामगार संस्था या त्यांपैकी प्रमुख होत.

स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ ने या पदास वैधानिक स्वरूप दिले. ज्या कारखान्यात सामान्यतः ५०० किंवा अधिक कामगार असतील, तेथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले व तपशील ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे आला. उपाहारगृह, विश्रांतिगृह, पाळणाघर इ. सोयींवर लक्ष ठेवणे, कामगारांची गाऱ्हाणी व्यवस्थापनापुढे मांडणे आणि उभयपक्षी सलोखा राखणे ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत.

तथापि मालकाच्या वेतनावर असलेल्या अधिकाऱ्याने कामगारांची बाजू निर्भयपणे मांडावी, तर त्याच्या नोकरीस संरक्षण हवे. पंजाबच्या १९५२ च्या नियमांत तशी तरतूद होती. तेथील एका सिमेंट कारखान्याने कल्याण अधिकाऱ्याची सेवा समाप्त केली, तेव्हा त्याने राज्य शासनाकडे अपील केले व शासनाने त्यास पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. असे अपील ऐकताना राज्य शासन न्यायाधिकरणाचे कार्य करते, असा निर्णय सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने डिसेंबर १९६४ मध्ये दिला. अपिलाची ही वाट म्हणजे केवळ प्रशासकीय सवलत नव्हे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

पुढे अनेक उद्योगांत या अधिकाऱ्याकडे भरती, शिस्तभंगाची कारवाई व तंट्यांत व्यवस्थापनाची बाजू मांडणे ही कामेही आली. जो कामगाराचे गाऱ्हाणे ऐकतो, त्यानेच त्याच्यावर आरोपपत्र बजावावयाचे, अशी स्थिती उद्भवल्यास कामगारांचा विश्वास उरत नाही.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली व तिने १९४८ च्या अधिनियमाची जागा घेतली. तीनुसार कारखाने, खाणी व मळे यांत २५० कामगारांपासूनच ही नेमणूक आवश्यक ठरते. पदाचा विस्तार असा वाढला, तरी त्याची परिणामकारकता संख्येपेक्षा अधिकाऱ्यास नियमांनी मिळणाऱ्या संरक्षणावरच अवलंबून राहते.