मत्स्यपेटीतील वनस्पतींसाठी प्रकाशयोजना

घरगुती मत्स्यपेटीत पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींना प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड देण्याची व्यवस्था. दिवा घेताना बहुतेक जण आधी वॅट विचारतात. वॅटवरून दिवा किती वीज खातो ते समजते, तो किती उजेड देतो ते नाही. त्यासाठी ल्युमेन पाहावेत.

वनस्पती 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, त्यातही तांबडा आणि निळा अधिक. टेओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने 1880च्या दशकात हे शैवालाच्या तंतूवर दाखवले. तंतूवर वर्णपट पाडताच प्रकाशसंश्लेषणातून निघणाऱ्या प्राणवायूच्या ओढीने पाण्यातले जीवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी गोळा झाले. 6500 केल्विनच्या साध्या पांढऱ्या एलईडीत हे दोन्ही रंग असतात. गुलाबी-जांभळ्या दिव्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटीत वाळू सोडून सुमारे 60 लिटर पाणी मावते. लिटरमागे 20 ल्युमेन धरले तर 1200 ल्युमेन लागतात, म्हणजे साधारण 12 वॅटचा एलईडी. तो रोज सहा ते आठ तास पुरे. वेळ टायमरवर सोपवणे उत्तम.

याहून प्रखर दिवा लावण्याआधी कार्बनचा विचार करावा. हवेतून पाण्यात विरघळणारा कार्बन डायऑक्साइड लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. तो संपला की जादा उजेड वनस्पतींच्या उपयोगी पडत नाही आणि काचेवर शेवाळ चढते. छत्रपती संभाजीनगरात मात्र एक सोय आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने पेटीत अनेकदा बोअरचे पाणी पडते. बेसॉल्ट खडकातले हे पाणी जड आणि बायकार्बोनेटयुक्त असते. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पती बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवतात. पैठणच्या नाथसागर जलाशयात दोन्ही आपोआप वाढतात. हायड्रिला तर पूर्ण उन्हाच्या सुमारे एक टक्का उजेडातही तग धरते. नवशिक्याने या दोघींपासूनच सुरुवात करावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

उजेड पुरतो का, हे हायड्रिलाच सांगते. तिची ताजी कापलेली काडी छेद वर येईल अशी पाण्यात बुडवली की छेदातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे निघू लागतात. ते मिनिटाला किती, हे मोजावे. दिवा थोडा खाली आणून पुन्हा मोजावे. आकडा वाढायचा थांबला की त्या पाण्याला त्याहून जास्त उजेड नको.

खिडकीतले ऊन हिशेबात धरलेच पाहिजे. संभाजीनगरात क्रांती चौकातून जाणारा जालना रस्ता ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे रस्त्याकडे तोंड करून असलेल्या घरांच्या खिडक्या उत्तरेला किंवा दक्षिणेला येतात. शहर सुमारे 19.9 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 47 अंशांच्या आतबाहेर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत उतरते. मे ते जुलैत उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन लागते. थेट ऊन लाखभर लक्सचे असते. त्यात पेटीतले पाणी बघता बघता हिरवे होते. दक्षिणेच्या खिडकीतली पेटी दिवाळीनंतर आतल्या भिंतीकडे हलवावी. ते जमत नसेल, तर खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कागद लावावा.