चाळीस वर्षांचं विमान आणि त्याची वही

वऱ्हाडाच्या इतिहासातल्या आडवाटा शोधणाऱ्या आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. एसटीत बसला असाल, रेंज जात-येत असेल, तर ऐकण्याऐवजी निवांत वाचा.

आजचा विषय आहे वापरलेलं छोटं विमान. दोन किंवा चार माणसं बसतील एवढं, पुढे एकच पंखा असलेलं. असं विमान विकायला काढलं तर त्याची किंमत कशी ठरते? आणि ती तशीच का ठरते?

तुम्ही म्हणाल, "बाप्पा, आमची जुनी स्प्लेंडर कोणी घेईना, अन् तुम्ही विमान विकायला निघाले!" जरा ऐका. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, हे आपण सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलं. त्याच बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था ठरली आहे. वर्षाला १८० वैमानिक घडवायचे, आणि त्यासाठी पायपर कंपनीची एक इंजिनाची ३१ आणि डायमंड कंपनीची दोन इंजिनांची ३ अशी एकूण ३४ विमानं मागवली आहेत. ही विमानं नवी कोरी. पण देशातल्या अनेक फ्लाइंग क्लबांमध्ये पोरं आजही आपल्या वयाच्या दुप्पट वयाच्या विमानावर शिकतात. आपल्या गावातला एखादा पोरगा किंवा पोरगी ज्या विमानात एकटी बसून उडणार आहे, त्याची खरी किंमत कशात असते, हे आपल्याला माहीत असायला हवं.

साडेसहाशे पौंडांची मॉथ

सुरुवात करू १९२५ पासून. इंग्लंडमध्ये डी हॅविलँड कंपनीचं 'मॉथ' हे विमान पहिल्यांदा उडालं. लाकडाचा सांगाडा, वरून कापड, आणि पंख दुमडून गॅरेजमध्ये ठेवता येईल असं. त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे जिप्सी मॉथ. किंमत ६५० पौंड. तेव्हा एका पौंडाला साधारण सव्वातेरा रुपये पडत, म्हणजे झाले जवळपास ८,७०० रुपये.

१९२८ मध्ये मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब निघाला. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी आगाखानांनी बक्षीस जाहीर केलं: इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. गंमत बघा, बक्षिसाची रक्कम विमानाच्या किमतीपेक्षा कमी!

१९३० च्या मे महिन्यात जेआरडी कराचीहून निघाले, आणि अस्पी इंजिनिअर हा तरुण उलट बाजूने, इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हता. जेआरडींनी आपल्याकडचा प्लग त्याला दिला, आणि बक्षीस अस्पीने जिंकलं. प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारा मोठ्या मनाचा माणूस म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि ती आहेच तशी. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ६५० पौंडांचं विमान एका प्लगपायी जमिनीवर बसतं. विमानाची किंमत त्याच्या नावात नसून ते आत्ता उडू शकतं की नाही यात आहे, हे तेव्हापासूनचं सत्य.

महायुद्ध संपलं, विमानं उरली

अकोल्याची शिवणी धावपट्टी तुम्हाला माहीत असेलच. ती १९४३ ची, म्हणजे ऐन महायुद्धातली. त्या काळात देशभर धावपट्ट्या झाल्या आणि हजारो विमानं भारतात आली. १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि प्रश्न उभा राहिला: या विमानांचं करायचं काय?

काहींना नवा जन्म मिळाला. डाकोटा हे सैन्याचं मालवाहू विमान. युद्धानंतर ही विमानं स्वस्तात विकली गेली आणि भारतातल्या नव्या विमान कंपन्या त्यांच्यावरच उभ्या राहिल्या. आपल्या विदर्भाशी याचं थेट नातं आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत. युद्धातून उरलेल्या, वापरलेल्या विमानांनी देशाची पत्रं एका रात्रीत पोहोचवली.

बाकीच्यांचं मात्र नशीब फुटकं. ती भंगारात गेली. आणि या भंगारातून एक असा खटला उभा राहिला, ज्याचा संबंध अकोल्यातल्या प्लॉटच्या सौद्याशीही येतो.

विमानाच्या भंगाराचा इसार

नोव्हेंबर १९४६. बंगालमधल्या पानागढला विमानांचं भंगार पडलं होतं आणि ते विकत होती टाटा एअरक्राफ्ट लिमिटेड ही कंपनी. घेणार कोण, तर श्री हनुमान कॉटन मिल्स! कापसाच्या गिरणीचं नाव ऐकून आपल्या अकोलेकरांचे कान टवकारले असतील. सौदा ठरला १० लाख रुपयांना. पंचवीस टक्के, म्हणजे अडीच लाख, इसार म्हणून आधी द्यायचे. गिरणीने ते दिले. पुढची रक्कम काही दिली नाही. मग टाटांनी इसार जप्त केला आणि गिरणी कोर्टात गेली: आमचे अडीच लाख परत द्या.

खटला कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. निकाल लागला १९६९ मध्ये, सौद्यानंतर २३ वर्षांनी. गिरणी हरली. न्यायालयाने इसाराची तत्त्वं एकेक करून मांडली. इसार सौदा पक्का होताना दिला जातो. शब्द पाळण्याची ती हमी असते. सौदा पार पडला तर ती रक्कम किमतीतच धरली जाते. घेणाऱ्याच्या चुकीमुळे सौदा मोडला तर इसार बुडतो, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो ठेवून घेण्याचा हक्क विकणाऱ्याला असतो. इसाराचा वाद कोर्टात गेला की वकील आजही या खटल्याचं नाव काढतात. इसार पावतीवर सही करण्याआधी हे लक्षात असू द्या.

पण मला या खटल्यात खटकतो तो वेगळाच मुद्दा. एकाच युद्धातली विमानं. एक नागपूरला टपाल घेऊन उतरतंय आणि दुसऱ्याचा सौदा भंगार म्हणून होतोय. उडणारं विमान आणि धातूचा ढीग यांच्यात फरक काय? एक, कोणीतरी त्याची निगा राखली. आणि दोन, ती राखल्याचा पुरावा कोणाकडे तरी होता.

कारखाना थांबला, जुनं वधारलं

आता अमेरिकेत जाऊ, कारण जगातली बहुतेक छोटी विमानं तिथली. १९७८ मध्ये तिथल्या कंपन्यांनी १७,८११ छोटी-मोठी खासगी विमानं विकली. १९९४ मध्ये हा आकडा फक्त ९२८ वर आला होता. सोळा वर्षांत धंदा जवळपास झोपला.

काऊन? कारणं बरीच होती, पण एक मोठं कारण कोर्टकचेरीचं. वीस-तीस वर्षं जुनं विमान पडलं तरी दावा ठोकला जायचा बनवणाऱ्या कंपनीवर. विम्याचा खर्च इतका वाढला की तो प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीत घालावा लागे. १९८६ मध्ये सेसना कंपनीने पंख्याची छोटी विमानं बनवणंच थांबवलं. ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला: छोटं विमान १८ वर्षांहून जुनं असेल तर सहसा बनवणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. त्यानंतर १९९६ मध्ये सेसनाने चार आसनी १७२ पुन्हा बनवायला घेतलं.

दोन आसनी सेसना १५२ मात्र परत आलंच नाही. १९७७ ते १९८५ या काळात ती साडेसात हजारांहून जास्त बनली आणि बस्स. म्हणजे आज जगात कुठेही १५२ दिसलं, तर ते किमान चाळीस वर्षांचं असणार. तरी त्याला गिऱ्हाईक आहे. मोटारसायकल दहा वर्षांत कवडीमोल होते, आणि हे चाळीस वर्षांचं विमान चांगल्या गाडीच्या भावात जातं. नवं बनत नाही, शिकणारे आहेत, आणि नीट ठेवलेलं जुनं उडतं. एवढं पुरेसं आहे.

दात बघायचे कसे?

मूर्तिजापूरच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती: "ताई, बैल घेताना आम्ही दात पाहतो. विमानाचे दात कुठी असतात?" झकास प्रश्न! विमानाचे दात त्याच्या वहीत असतात. वही म्हणजे लॉगबुक. एक सांगाड्याची, एक इंजिनाची, एक पंख्याची. किती तास उडालं, कधी काय बदललं, कोणत्या इंजिनिअरने सही केली, सगळं तारखेनिशी.

हिशोब सोपा आहे. सेसना १५२ च्या लायकमिंग इंजिनाला साधारण २,४०० तासांनंतर पूर्ण उघडून नव्यासारखं करावं लागतं. समजा त्याला २४ लाख रुपये लागतात. हा आकडा मी फक्त हिशोबापुरता धरतेय. म्हणजे उडालेला प्रत्येक तास इंजिनातले हजार रुपये खातो. आता दोन विमानं घ्या, एकाच वर्षाची, एकाच रंगाची. एकाचं इंजिन दुरुस्तीनंतर ३०० तास चाललंय, दुसऱ्याचं २,१००. फरक १,८०० तासांचा, म्हणजे १८ लाखांचा. फोटोत दोन्ही सारखीच दिसतील.

विकणाऱ्याला वाटतं, नवा रंग दिला, नवा रेडिओ बसवला, तो खर्च किमतीत निघेल. पूर्ण कधीच निघत नाही. घेणारा शहाणा असेल तर स्वतःचा इंजिनिअर आणतो, जो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसतो. तो सिलिंडरचा दाब मोजतो, आत कॅमेरा घालून पाहतो, पंखांच्या आत गंज शोधतो. इथे वऱ्हाडातल्या कोरड्या हवेचा फायदा आहे. समुद्रकाठी विमान लवकर गंजतं. पण नुसतं उभं ठेवलं तर इथेही धोका आहेच. लायकमिंगचा कॅमशाफ्ट इंजिनात वरच्या बाजूला असतो. बरेच दिवस उडालं नाही की तेल खाली उतरतं आणि तो गंजायला लागतो. म्हणून "फारच कमी वापरलंय" हे ऐकून खूश होऊ नका. नियमित उडालेलं विमान बहुतेकदा अधिक निरोगी निघतं.

कधी अपघात झाला असेल तर तो वहीत असायला हवा. नीट दुरुस्त करून नोंदवलेला अपघात किंमत थोडी कमी करतो. लपवलेला आणि नंतर सापडलेला अपघात सौदाच मोडतो. आणि वहीच हरवली असेल, तर कोणते भाग कधी बदलले हे सांगणारं कोणी उरत नाही. विमान चमकत असलं तरी घेणारा मनात भंगाराचा भाव धरायला लागतो.

गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, बाकीच्यांना कळत नाही. विमानाच्या सौद्यात रुमाल चालत नाही. जो आपली वही पहिल्या दिवशीच टेबलावर उघडी ठेवतो, त्यालाच चांगला भाव मिळतो.

पोरांसाठी

हे मी विमान विकणाऱ्यांपेक्षा तुमच्यासाठी सांगतेय. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, कुठे शेत गहाण पडलेलं असतं. संस्था निवडताना आपण इमारत बघतो, युनिफॉर्म बघतो, इन्स्टाग्राम बघतो. विमानांची निगा कशी राखली जाते, हे विचारायची लाज वाटते.

लाजू नका. उड्डाणाआधी विमानाची कागदपत्रं तपासणं हा वैमानिकाच्या कामाचाच भाग आहे, मेहेरबानी नव्हे. विमान किती वर्षांचं आहे, याला घाबरू नका; मॉथपासून डाकोटापर्यंत आणि १५२ पर्यंत, जपलेल्या जुन्या यंत्रांनीच या देशाला उडायला शिकवलं. फक्त विचारा, "याची वही दाखवता का?" दाखवताना समोरचा कुरकुरला, तर तिथे फी भरण्याआधी दहादा विचार करा.

भाग आवडला तर उडायचं स्वप्न पाहणाऱ्या एखाद्या मित्राला किंवा बहिणीला पाठवा. भेटू पुढच्या भागात.